सिक्स्टेनचा उजवा पाय

सिक्स्टेनने ठरवलं होतं ते एवढंच, की बर्फावर थोडं गरम पाणी ओतायचं. थोडं म्हणजे आठशे लिटर. पण भाडेकरूचं कौतुक ऐकून ज्याच्या पोटात महिनाभर आग पेटलीय, त्याला आठशे लिटर काही फार वाटत नाही.

तसं बर्फावर पाणी ओतणं हा काही गुन्हा नव्हे. सिक्स्टेनचा तो पोटाचा धंदाच होता. ग्रोविक गावाला लागून असलेला तलाव नोव्हेंबरात गोठतो तो मे उजाडेपर्यंत तसाच राहतो, आणि बाहेरदेशच्या मोटार कंपन्या आपल्या नव्या गाड्यांचे ब्रेक निसरड्यावर कसे लागतात ते बघायला तिथे येतात. त्यांना लागणारा बर्फ तासून, पाणी मारून, घोटून तयार करायचा, हे सिक्स्टेनचं एकवीस वर्षांचं काम. (बर्फ आपोआप होतो असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा सिक्स्टेनला भेटावं. दोन तास गेले म्हणून समजा.)

या मंडळींना राहायला गावात पुरेशी हॉटेलं नाहीत. म्हणून डिसेंबर लागला की गावकरी आपापली घरं त्यांना भाड्याने देतात आणि स्वतः तळघरात उतरतात. सिक्स्टेन आणि त्याची बायको गुनवोरही उतरायची. उशाशी कपडे धुण्याचं मशीन, पायाशी फ्रीजर, फ्रीजरमध्ये अर्धं एल्क हरीण. वर मार्चअखेरपर्यंत कोणीतरी परका इंजिनियर सिक्स्टेनच्या पलंगावर, सिक्स्टेननेच तीस वर्षं लोळून पाडलेल्या खळग्यात झोपायचा. याची त्याला सवय होती. आतापर्यंतचे भाडेकरू तसे बरे होते. म्हणजे ओल्या बुटांनी गालिचा तुडवायचे, बिअरचे डबे बाथरूममध्ये रचून ठेवायचे, गुनवोर त्यांच्या नावाने बोटं मोडायची, आणि त्यांच्यापुढे तिला सिक्स्टेन देवमाणूस वाटायचा.

या वर्षी मात्र आला फोल्कमार.

फोल्कमार जर्मन. पन्नाशीचा, उंच, बायको वारलेली. (हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं. काय गरज होती?) बूट दाराबाहेर झटकायचा. कपबशी स्वतः विसळायचा. तिसऱ्या दिवशी त्याने स्वयंपाकघरातला अडकणारा ड्रॉवर दुरुस्त करून टाकला.

"बघ जरा," गुनवोर ड्रॉवर उघडत-मिटत म्हणाली. "दोन मिनिटं लागली त्यांना."

"मी करणारच होतो."

"तेरा वर्षं करणारच होतास."

हेही सिक्स्टेनने गिळलं असतं. पण फोल्कमारने पुढे घाव घातला तो थेट त्याच्या पायावर.

सिक्स्टेनचा उजवा पाय म्हणजे गावाची शान, असं निदान सिक्स्टेनचं मत होतं. बर्फावर ब्रेक करकचून दाबला की चाकं थिजतात, म्हणजे फिरायचीच थांबतात, आणि गाडी फरफटत भलतीकडे जाते. म्हणून दाबायचं, सोडायचं, दाबायचं, सोडायचं, आणि असं चुचकारत गाडी थांबवायची. ही कला त्याच्या पायात होती, आणि अर्ध्या गावाला ती त्यानेच शिकवलेली. या कलेची खरी पावती मात्र त्याला घरातूनच मिळायची. गुनवोर त्याच्या शेजारच्या सीटवर बसली की गुडघ्यांवरून पार पायांपर्यंत घोंगडी ओढून घ्यायची आणि गाडीने गाव सोडलं की डोळे मिटायची, ते थेट घर येईपर्यंत. हरीण आडवं येवो नाहीतर समोरून लाकडांचा ट्रक येवो, बाईची झोप मोडत नसे. एकतीस वर्षं हे असं चाललं होतं.

"दुसऱ्यांच्या बायका तोंडाने कौतुक करतात," सिक्स्टेन चारचौघांत छाती फुगवून सांगायचा, "आमची झोपून करते."

गुनवोर तेवढ्यात कॉफीचे कप उचलायला लागायची.

तर एका सकाळी कॉफी ओतताना गुनवोरने विचारलं, "तुम्ही दिवसभर त्या तलावावर नक्की करता काय हो?"

फोल्कमारने लोण्याची सुरी खाली ठेवली आणि मुरंब्याच्या बरणीचं झाकण टेबलावरून घरंगळत सोडलं. "हे चाक. फिरतंय तोवर रस्ता धरून असतं, आपण वळवू तिकडे वळतं. थिजलं की गेलं घसरत." त्याने बोटाने झाकण दाबलं, ते सुळकन सिक्स्टेनच्या बशीवर आपटलं. "म्हणून प्रत्येक चाकापाशी एक पहारेकरी बसवतात. चाक थिजायला लागलं की तो आतल्या डब्याला कळवतो. डबा त्या चाकाचा ब्रेक जरासा सोडतो, पुन्हा धरतो. सेकंदाला पंधरा वेळा."

गुनवोरने मान वळवली. "तू किती वेळा करतोस रे?"

"मी मोजत बसत नाही."

"तीनदा," फोल्कमार अदबीने म्हणाला. "पाय फारच चांगला असेल तर चार. पण पाय चारही चाकांना एकच न्याय लावतो. डबा एकेकाचं वेगळं बघतो."

"आणि चालवणाऱ्याने काय करायचं?"

"काही नाही. जोरात दाबायचं आणि दाबून धरायचं. पायाखाली धडधडतं, पण घाबरून पाय उचलायचा नाही. तेवढ्यात स्टिअरिंग फिरवून अडथळ्याला वळसा घालायचा."

"एवढंच? मग कला कसली त्यात?" सिक्स्टेनने तोंड घातलं. "आमच्या गाडीत असलं काही लागत नाही." (त्यांची गाडी लाल, जुनी. हीटर उन्हाळ्यात तेवढा चालायचा, मागचं दार लाथ मारल्याशिवाय लागत नसे, आणि शेजारच्या सीटपुढचं रबरी मॅट दर तीन-चार वर्षांनी फाटायचं, त्यावरून सिक्स्टेन रागन्हिल्डच्या स्पेअर पार्टच्या दुकानात "काय माल ठेवता!" म्हणून भांडून यायचा. पण ब्रेक लावायला माणूस लागायचा, ही त्या गाडीची इज्जत.)

फोल्कमारने वाद घातला नाही. तो वाद घालत नसे, हा त्याचा आणखी एक दुर्गुण. "निघताना चाक नुसतंच गरगरायला लागलं तर तोच डबा इंजिनाला आवरतो," तो गुनवोरला म्हणाला. "आणि वळणावर तर गंमतच. माणसाला कुठे जायचंय ते स्टिअरिंगवरून कळतं. गाडी खरोखर कुठे चाललीय ते दुसरा पहारेकरी सांगतो. दोघांचं जमेनासं झालं की डबा एकाच चाकाला हलकेच ब्रेक लावतो आणि गाडी सरळ करतो. आरडाओरडा नाही, आदळआपट नाही."

"हा डबा लग्नातच द्यायला पाहिजे होता," गुनवोर म्हणाली आणि खळखळून हसली. अशी ती याआधी हसली होती तेव्हा सिक्स्टेन छपरावरचा बर्फ काढताना खाली पडला होता.

मग तिने कपाटातून पिवळ्या रानबेरीचा मुरंबा काढला आणि फोल्कमारच्या पावावर दोन चमचे वाढला. हा मुरंबा सिक्स्टेनला फक्त नाताळात मिळायचा, तोही एक चमचा. सिक्स्टेन उठून तळघरात गेला आणि बराच वेळ फ्रीजरवर बसून राहिला. त्याला त्या माणसाचा हेवा वाटत होता, त्याच्या डब्याचा वाटत होता, आणि खरं सांगायचं तर मुरंब्याचा सर्वांत जास्त वाटत होता.

तरीही पाणी ओतायची वेळ आली नसती. ती आली गुरुवारी. गुनवोरला दाताच्या डॉक्टरकडे शहरात जायचं होतं, नव्वद किलोमीटर. सिक्स्टेनला कामावरून सुट्टी नव्हती, आणि फोल्कमारला तिकडेच काही सामान आणायचं होतं.

"कसा झाला प्रवास?" संध्याकाळी सिक्स्टेनने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कळलाच नाही. येताना झोप लागली मला."

सिक्स्टेनच्या हातातला बटाटा बशीत पडला. "झोप?"

"गाढ. घोरत होते म्हणे."

"म्हणे? कोण म्हणे?"

"फोल्कमार म्हणे. दुसरं कोण होतं गाडीत?"

एकतीस वर्षांत ती सिक्स्टेनच्या गाडीत एकदाही घोरली नव्हती. त्याला वाटलं, तिने दुसऱ्याशी हातात हात घालून नाच केला असता तरी चाललं असतं. पण झोप! ती त्याची होती. त्याच्या पायाने कमावलेली होती. रागाच्या भरात तो त्या दिवशी जेवला नाही, म्हणजे दोनदाच वाढून घेतलं.

आणि मग रविवार जवळ आला. दर वर्षी जानेवारीतल्या एका रविवारी कंपनीवाले गावातल्या घरमालकांना तलावावर बोलावतात, गाड्यांत बसवून फिरवून आणतात, आणि एवर्ट नावाचा म्हातारा गाड्या पळवायच्या पट्ट्याच्या शेवटच्या टोकाला टेबल मांडून कॉफी आणि वाफल्स विकतो. फोल्कमार सगळ्या गावासमोर आपल्या डब्याची करामत दाखवणार होता. शेजारी गुनवोर बसणार होती. शनिवारी दुपारी सिक्स्टेन टँकर घेऊन फोल्कमारच्या पट्ट्यावर गेला.

गार पाण्याने बर्फ होतो, गरम पाण्याने आरसा होतो. हे त्या तलावावर सिक्स्टेनइतकं कोणालाच माहीत नव्हतं. त्याने आठशे लिटर ओतलं, गोठू दिलं, यंत्राने घोटलं आणि शेवटी आडवं होऊन गाल लावून पाहिला. गालसुद्धा घसरला. "आता बघू त्याचा डबा काय करतो," तो बर्फाला म्हणाला. त्याच्या डोळ्यांपुढे फोल्कमार सरळ जाऊन कडेच्या बर्फाच्या भिंतीत घुसलेला दिसत होता, आणि आत बसलेली गुनवोर टक्क जागी होती.

रविवारी अख्खं गाव जमलं. फोल्कमारने गाडी साठच्या वेगावर नेली आणि आरशावर येताच ब्रेक दाबला. गाडी घसरली, खूप लांब घसरली. अशा बर्फावर कुठलाच डबा जादू करत नाही. पण घसरली ती पट्टीने रेघ ओढावी तशी सरळ. खालून टकटकटक आवाज येत होता. मध्ये नारिंगी रबरी खांब ठेवलेला होता, त्याला फोल्कमारने ब्रेक न सोडता सावकाश वळसा घातला आणि एवर्टच्या टेबलाच्या वीस पावलं अलीकडे थांबला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुनवोरने खिडकीतून हात हलवला.

फोल्कमार उतरला तो सरळ गुडघ्यांवर बसला. हातमोजा काढून बर्फावरून हात फिरवला. "हे कोणी केलं?"

सिक्स्टेन एवर्टच्या पाठीमागे सरकला. एवर्टने त्याला पुढे ढकललं.

"तुम्ही?" फोल्कमारचे डोळे पाणावले होते. "अठरा वर्षं मी असा बर्फ शोधतोय! यावर आमच्या डब्याचा खरा कस लागतो! अहो, उस्ताद आहात तुम्ही!" आणि त्याने सगळ्या गावासमोर सिक्स्टेनला मिठी मारली. ज्याचा महिनाभर तिरस्कार केला त्याच्याच मिठीत सापडलेला माणूस हात कुठे ठेवावेत या विचाराने गोंधळतो. सिक्स्टेनने ते स्वतःच्याच खिशात घातले.

"आता तुम्ही चालवा," फोल्कमारने किल्ली पुढे केली. "गुनवोरबाई तुमच्या पायाविषयी फार सांगतात."

नाही कसं म्हणणार? सिक्स्टेन बसला. गुनवोर शेजारी होतीच, घोंगडी पायांवर ओढलेली. त्याने गाडी सुरू केली आणि तिच्याकडे पाहिलं. तिने डोळे मिटले होते. फोल्कमारच्या वेळी उघडे होते! सिक्स्टेनचा ऊर भरून आला. त्या भरात त्याने साठऐवजी सत्तर केले.

आरशावर त्याने ब्रेक दाबला. पायाखाली असं काही धडधडलं, जणू पेडलखाली कोणी जात्यावर दळायला बसलंय. फोल्कमारने सांगितलं होतं, धडधडलं की उचलायचा नाही. पण ऐकलं होतं ते कानांनी, आणि दाबत होता तो पाय. चाळीस वर्षांची सवय असलेल्या पायाने बघितलं की काहीतरी बिघडलंय, आणि तो उठला. मग दाबला. मग उठला. लांबून फोल्कमार ओरडत होता, "दाबून धरा! दाबून धरा!" डबा बिचारा दर वेळी काम सुरू करायचा आणि सिक्स्टेनचा पाय दर वेळी त्याला घरी पाठवायचा.

नारिंगी खांब गाडीखाली गेला. पुढे एवर्टचं टेबल यायला लागलं. तोवर वेग एवढा उतरला होता की एवर्टने कॉफीचं भांडं शांतपणे उचलून बाजूला नेलं, परत येऊन वाफल्सचा तवा नेला, आणि पिठाच्या पातेल्यासाठी तिसऱ्यांदा वळला तेवढ्यात गाडी पोचली. पातेलं टपावर उपडं झालं, पीठ काचेवरून ओघळलं, आणि गाडी बर्फाच्या भिंतीत नाक खुपसून थांबली.

गुनवोरने एक डोळा उघडला. "आलो का?"

एवढं होऊनही बाई झोपली होती! सिक्स्टेनला त्या पिठातही धन्य वाटलं.

फोल्कमार धावत आला तो रागावलेला नव्हता. (रागावला असता तर किती बरं झालं असतं.) "गाडीचं सोडा हो, धुतली की झालं! मी साहेबांना फोन केलाय. हा बर्फ मिळतोय तर सगळ्या चाचण्या इथेच करायच्या. आता मार्चअखेर नाही, ईस्टरनंतरही तीन आठवडे मी तुमच्याकडेच!"

"अरे वा!" गुनवोर घोंगडीने काच पुसत म्हणाली. "राहा की. आम्हाला तळघर आहेच."

"आणि उस्तादांनी रोज असाच एक पट्टा करायचा," फोल्कमार म्हणाला.

परत जाताना दोघं आपल्या लाल गाडीत बसली. पिठाने माखलेली घोंगडी मागे टाकलेली होती. तलाव मागे पडला. गुनवोरने डोळे मिटले. निदान हे तरी माझ्याकडे राहिलं, तो मनात म्हणाला. पुढे गावाकडचं उताराचं वळण आलं, त्याने दाब-सोड सुरू केली आणि कौतुकाने शेजारी पाहिलं.

आज घोंगडी नव्हती. गुनवोरचे डोळे घट्ट मिटलेले होते, आणि तिचा उजवा पाय ताठ होऊन समोरच्या मॅटमध्ये रुतला होता. बुटाची टाच वर उचललेली, पोटरी थरथरत होती. त्याचा पाय उठत होता, पुन्हा दाबत होता; तिचा एकदाही उठला नाही. जोरात दाबलेला आणि दाबून धरलेला. बुटाच्या टोकाखाली मॅटला भोक होतं, बरोबर त्या पंजाच्या मापाचं.

"गुनवोर."

"वळण गेलं?"

"गेलं."

मग तिने डोळे उघडले. तो कुठे बघतोय ते तिने पाहिलं आणि पाय हळूच मागे घेतला.

"कधीपासून?" सिक्स्टेनने विचारलं.

"लग्नाच्या आधीपासून."

"आणि डोळे?"

"उघडे ठेवले असते तर किंचाळले असते. मग तू गाडी आणखी जोरात हाकली असतीस, मला दाखवायला."

"आणि त्याच्या गाडीत खरंच झोपलीस," सिक्स्टेन म्हणाला. आवाज त्याच्या नकळत बारीक झाला होता.

"तिथे मला दुसरं काय काम होतं?" गुनवोर म्हणाली. "इथे एकतीस वर्षं अर्धी गाडी मी थांबवतेय. झोपून कसं चालेल?" आणि मग पोटरी चोळत, "पुढे डावीकडे हरणं आहेत. तू बघ, मी दाबते."

सोमवारी सकाळी सिक्स्टेन रागन्हिल्डच्या दुकानात गेला आणि टोपी हातात धरून उभा राहिला. "मॅट हवंय. शेजारच्या सीटचं."

"आज भांडण नाही?"

"नाही." त्याने इकडेतिकडे पाहिलं. दुकानात कोणी नव्हतं. "जरा जाड रबराचं असेल का?"

रागन्हिल्डने काउंटरखालून एक भलामोठा गठ्ठा वर काढून ठेवला. सगळी मॅट्स शेजारच्याच सीटची होती.

"ने त्यातलं कुठलंही," ती म्हणाली. "तुझ्याकडे जे जे गाडी शिकले ना, त्यांच्या सगळ्यांच्या बायका हेच नेतात."